पाय मोडलेल्या घोड्याचा निरोप

उन्हाळ्यात मराठवाड्यातलं काळं रान भेगाळतं. हात कोपरापर्यंत आत जावा अशा भेगा पडतात. माणूस बघून पाय टाकतो, बुजलेल्या घोड्याला तेवढी उसंत नसते. लोहा तालुक्यातल्या आमच्या शेतात आमच्या घोडीचा, चांदणीचा, पुढचा उजवा पाय अशाच भेगेत गेला आणि अंगाच्या झोकानं नळीचं हाड मोडलं. हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलेलं. तरी ती तीन पायांवर उभी होती, थरथरत, घामानं निथळत.

तालुक्याहून डॉक्टर आले. आबांनी त्यांना एकच विचारलं, "साहेब, पाय काढून टाकला तर जगंल का? शेळ्या जगतात की तीन पायांवर."

डॉक्टर म्हणाले, "आबा, शेळी वीस-तीस किलोची. हिचं वजन साडेतीनशेच्या पुढं आहे."

या उत्तरात जे होतं ते नीट समजायला मला पुढं बराच काळ लागला. घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. गुडघ्याच्या खाली मांस जवळपास नसतंच. हाड, स्नायूबंध, अस्थिबंध आणि वर ताणलेली कातडी. रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरायला वेळ लागतो, आणि हाड उघडं पडलं की जंतू आत शिरतात. माणसाला सांगता येतं, दोन महिने अंथरुणावर पडून राहा. घोडा तसा पडून राहू शकत नाही. फार वेळ एका कुशीवर पडला तर त्याच्याच वजनानं खालच्या बाजूचे स्नायू आणि नसा निकामी होऊ लागतात, फुप्फुसांवर दाब येतो. उभा राहिला तर दुखऱ्या पायाचा सगळा भार दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पायावर जातो, आणि त्या पायाच्या खुरात आतला थर सुजून हाडापासून सुटायला लागतो. म्हणजे एक पाय वाचवायचा तर दुसरा जायची भीती.

पैसा आणि विज्ञान दोन्ही हाताशी असताना काय होतं, हे अमेरिकेतल्या शर्यतीच्या दोन घोड्यांनी दाखवलं. 1975 मध्ये रफियन या घोडीचा पाय शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण भुलीतून शुद्धीवर येताना ती पळत असल्यासारखी पाय झाडू लागली आणि केलेलं सगळं उखडलं गेलं. तिला त्याच रात्री निरोप द्यावा लागला. 2006 च्या मे महिन्यात बार्बारोचा मागचा पाय मोडला. प्लेट आणि स्क्रू घालून हाड जोडलं. भुलीतून उठताना त्यानं पाय आपटू नयेत म्हणून त्याला पाण्याच्या हौदात तरंगत ठेवून शुद्धीवर आणलं. मोडलेला पाय बऱ्यापैकी सांधतही होता. त्याला हरवलं ते खुरांच्या सुजेनं, आणि जानेवारी 2007 मध्ये डॉक्टरांनी व मालकांनी मिळून त्याला शांत केलं. तिथं ही गत, तर खोंडासारखी खोड्यात बांधून आमची घोडी बरी होईल, ही आशा किती खोटी होती हे आज कळतं. त्या दिवशी मात्र तीच आशा आम्ही सगळे धरून बसलो होतो.

आपल्याकडं हा प्रश्न नवा नाही. घोड्याच्या पायाखालून मराठवाड्याचा बराच इतिहास गेला आहे. उदगीरची लढाई 1760 ची, गोदाकाठच्या राक्षसभुवनची 1763 ची, आणि भोकरदनजवळच्या असईची 23 सप्टेंबर 1803 ची. असईत इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्या खालचा एक घोडा ठार झाला आणि डायोमेड नावाच्या दुसऱ्याच्या छातीत भाला घुसला. हा घोडा वाचेल की नाही याची आपल्याला खात्री नाही, असं वेलस्लीनं नंतर लिहून ठेवलं. लढाईच्या इतिहासात तेवढ्या ओळीपाशी मी दरवेळी थांबतो. ज्या माणसानं त्या दिवशी हजारोंचे जीव डावावर लावले, तोही एका घोड्यासाठी खंतावला होता.

पण सेनापतीचं दुःख वेगळं आणि शिलेदाराचं वेगळं. मराठी घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदाराचा घोडा मेला की बहुधा नुकसान त्याचं, आणि त्याबरोबर मान आणि पोटही जायचं. घोडं वाचवण्यासाठी माणूस रात्र रात्र जागायचा, त्यात माया होती आणि भाकरीही होती. या दोन्ही वेगळ्या काढता येतात असं मला वाटत नाही.

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट ही फौज उभी राहिली, तिचे रिसाले, म्हणजे घोडदळाच्या पलटणी, हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, होते. हिंगोलीत रिसाला बाजार हे नाव अजून आहे. तिथंही शिलेदारी पद्धतच होती. स्वार घोड्यासाठी पैसे भरे. अशा पलटणींमध्ये स्वारांकडून दरमहा वर्गणी घेऊन चंदा फंड चालवत, आणि घोडा मेला तर त्यातून दुसरा घ्यायला मदत होई. घोड्याच्या मरणाची जबाबदारी अख्ख्या रिसाल्यानं वाटून घ्यायची, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. पाय मोडलेल्या घोड्याला गोळी घालायची हा निर्णयही स्वाराचा एकट्याचा नसे. वरचा अधिकारी किंवा सालोत्री सांगे. सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. अश्वशास्त्राचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून हा शब्द आला. पलटणी गेल्या, तसा तो बोलण्यातूनही गेला.

1903 मध्ये कंटिंजंट भारतीय लष्करात मिसळली. तिच्यातून आलेल्या डेक्कन हॉर्सचे स्वार पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढले आणि 1918 मध्ये पॅलेस्टाइनला गेले. त्या आघाडीवरचं युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे परत नेलेच नाहीत. काही मारले, बरेच इजिप्तमध्ये विकून टाकले. कैरोच्या रस्त्यांवर गाड्या ओढत ते म्हातारे झाले. डोरोथी ब्रुक नावाच्या बाईंनी 1930 नंतर तिथं जाऊन असे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना चार दिवस पोटभर चारा घालून, स्वच्छ गवतावर निजवून, मग शांत करणंच हातात होतं. मरण देण्यासाठी घोडे विकत घ्यायचे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते समजलंच नव्हतं. चांदणीनंतर समजलं. वेदनेतून सोडवणं हाही सेवेचाच भाग असतो, ही गोष्ट त्या बाईंनी करून दाखवली.

आपल्या गावांमध्ये ही समजूत उशिरा आली आणि अजून पुरती आलेली नाही. जीव घेणं पाप, म्हणून लंगडं जनावर देवाच्या नावानं सोडून द्यायची रीत मी पाहिली आहे. देवळामागच्या उकिरड्यावर जखमेत किडे पडलेलं तट्टू उभं असतं, येणारा-जाणारा हात जोडून पुढं जातो. हात जोडणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या तट्टाचे दिवस कोण मोजतं?

कायद्यात याची वाट आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या आग्रहातून 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या कलम 13 नुसार, जखमी जनावर जगवणं क्रूरपणाचं ठरेल असा दाखला पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं दिला, आणि मालक सापडत नसला किंवा तयार नसला, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं पोलिसांना त्या जनावराला मरण देऊन सोडवता येतं. मालक समोर असला की मात्र बहुतेक वेळा सगळं त्याच्या होकारावर येऊन थांबतं. पागा नाही, रिसाला नाही, चंदा फंड नाही. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरलाही आहे, पण मोडलेल्या पायाची घोडी टेम्पोत घालून खड्ड्यांतून तिथवर न्यायची हेच एक वेगळं हाल. शेवटी उरतो तो एक माणूस, रानात, घोडीचा कासरा हातात धरून.

आमच्याकडं तो माणूस आबा होते. चांदणी त्यांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणली होती, तेव्हा ती दोन दात होती. आठ वर्षं तिनं गावातल्या नवरदेवांच्या वराती ओढल्या. आबा तिच्या तोंडापाशी बसले, तोबऱ्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ होती, ती हातानं खाऊ घातली. दोन घास तिनं घेतले. मग ते डॉक्टरांकडं न बघता म्हणाले, "करा." डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तिची मान खाली आली, चौघांनी तिला आधार देऊन कुशीवर घेतलं, आणि मग दुसरं दिलं. काही मिनिटांत श्वास थांबला. डॉक्टरांनी डोळ्याला बोट लावून पाहिलं, छातीवर बराच वेळ नळी धरून ठेवली, तेव्हा कुठं मान हलवली.

ते जाताना बजावून गेले की खड्डा खोल घ्या, कुत्र्यांनी किंवा गिधाडांनी उकरलं तर औषधाचा अंश त्यांच्याही जिवावर बेतेल. जेसीबीनं बांधाच्या कडेला पुरुषभर खड्डा खणला, खाली-वर मिठाची पोती ओतली. नालबंद त्या आधीच येऊन गेला होता. तीन खुरांचे नाल त्यानं काढून आबांच्या हातात दिले. मोडलेल्या पायाला हात लावायला गेला तेव्हा आबांनी त्याचं मनगट धरलं.

"तो राहू दे बाबा," ते म्हणाले, "लई दुखला असंल."