ताकेमी अधिछात्रवृत्ती

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केलेल्या व्यक्तींना एक शैक्षणिक वर्ष संशोधनासाठी उपलब्ध करून देणारी आंतरराष्ट्रीय अधिछात्रवृत्ती. अमेरिकेतील बॉस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात (2014 पासून टी. एच. चॅन सार्वजनिक आरोग्य विद्यालय) 1983 साली स्थापन झालेल्या ताकेमी आंतरराष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाचा ती गाभा आहे. महाराष्ट्रात अधिछात्रवृत्ती म्हटले की बार्टी किंवा सारथी या राज्य सरकारच्या संस्थांकडून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आठवते; ताकेमी अधिछात्रवृत्तीचे तिच्याशी साम्य नावापुरतेच आहे. येथे परीक्षा नसते, पदवीही मिळत नाही, आणि येणारी व्यक्ती विद्यार्थी नसून आरोग्य खात्यातील अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक किंवा एखाद्या रोगनियंत्रण मोहिमेची धुरा वाहिलेली तज्ज्ञ असते.

ज्यांच्या नावाने ही अधिछात्रवृत्ती दिली जाते ते तारो ताकेमी (1904–1983) हे जपानी डॉक्टर होते. केइओ विद्यापीठातून वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी योशिओ निशिना या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम केले आणि पुढे टोकियोच्या गिन्झा भागात दवाखाना थाटला. 1957 ते 1982 अशी सलग पंचवीस वर्षे ते जपान वैद्यक संघाचे, म्हणजे तेथील डॉक्टरांच्या संघटनेचे, अध्यक्ष होते. 1975 मध्ये जागतिक वैद्यक संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. जपानी जनतेत मात्र त्यांची ओळख ‘केन्का तारो’, म्हणजे भांडखोर तारो, अशी होती. 1961 साली, ज्या वर्षी जपानमध्ये सर्व नागरिकांना आरोग्य विम्याचे छत्र मिळाले त्याच वर्षी, जपान वैद्यक संघाने देशभर दवाखाने एक दिवस बंद ठेवले. 1971 च्या जुलैत तर विमा योजनेतील डॉक्टरांनी सामूहिक राजीनामे देऊन महिनाभर सरकारची कोंडी केली. डॉक्टरांच्या मोबदल्यासाठी इतक्या त्वेषाने झगडलेल्या नेत्याचे नाव गरीब देशांच्या आरोग्य धोरणाचा विचार करणाऱ्या कार्यक्रमाला लाभावे, यात थोडी गंमत आहे. परंतु विम्याच्या दरांवरून वर्षानुवर्षे वाटाघाटी केलेल्या ताकेमींना एक गोष्ट पुरती उमगलेली होती: वैद्यकशास्त्र जितके पुढे जाईल तितका खर्च वाढेल, आणि साधने कोणाला किती द्यायची हा प्रश्न डॉक्टरांनाही टाळता येणार नाही. हॉवर्ड हायट हे हार्वर्डच्या विद्यालयाचे अधिष्ठाता असताना हा कार्यक्रम उभा राहिला. स्थापनेच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, ताकेमी निवर्तले.

आरोग्यासाठी अपुरी साधने कशी उभारावीत, त्यांची वाटणी कशी करावी आणि ती कशी वापरावीत, हाच कार्यक्रमाचा मुख्य विषय आजही आहे. एकाच तरतुदीतून क्षयरोगाची औषधे घ्यायची की डायलिसिसची यंत्रे, हा निर्णय वैद्यकीय वाटला तरी त्यात अर्थशास्त्र असते, नीतिविचार असतो आणि राजकारणही असते. यातील राजकारणाची बाजू येथे विशेष ठळक झाली, कारण दीर्घकाळ कार्यक्रमाची सूत्रे सांभाळणारे मायकेल राइश हे मुळात राज्यशास्त्रज्ञ होते. सुधारणा कागदावर कितीही निर्दोष असली तरी तिला कोणाचा पाठिंबा आहे, कोणाचा विरोध आहे आणि त्यांचे बळ किती आहे, याचा आराखडा मांडल्याशिवाय ती अमलात येत नाही, ही त्यांच्या अध्यापनाची भूमिका होती.

अधिछात्र म्हणून मोजक्याच व्यक्तींची निवड होते. त्यांतील बहुतेक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतून येतात. जपानमधूनही अधिछात्र येतात. अर्जासोबत संशोधनाचा प्रस्ताव द्यावा लागतो आणि तो सहसा अर्जदाराच्या स्वतःच्या कामातून निघालेला असतो. दहा महिन्यांच्या मुक्कामात त्या प्रश्नावर संशोधन-निबंध लिहिणे हे मुख्य काम असते. त्याच्या जोडीला परिसंवाद होतात आणि विद्यापीठातील वर्गांना श्रोता म्हणून बसता येते. नोकरीत असताना अहवाल, दौरे आणि बैठका यांतून ज्या माहितीकडे पुन्हा वळून पाहता आले नाही, तिच्यासाठी मिळालेली ही सवड असते. कार्यक्रमाला जपान वैद्यक संघाचा आणि जपानमधील औषध उत्पादकांच्या संघटनेचा आर्थिक आधार मिळत आला आहे. औषधांच्या उपलब्धतेवर संशोधन करणाऱ्या कार्यक्रमाने औषध उद्योगाचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

अशाच हेतूची, पण वेगळ्या वळणाची योजना म्हणजे अमेरिकी सरकारची हम्फ्री अधिछात्रवृत्ती. माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या स्मरणार्थ राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ती 1978 मध्ये सुरू केली. तिचा कालावधीही साधारण दहा महिन्यांचा असून तीतही पदवी मिळत नाही, परंतु सार्वजनिक आरोग्य हे तिच्या अनेक विषयांपैकी केवळ एक, आणि तिचा भर संशोधनापेक्षा व्यावसायिक अनुभवावर असल्याने प्रत्येक अधिछात्राला काही आठवडे एखाद्या अमेरिकी कार्यालयात वा संस्थेत काम करावे लागते. अटलांटातील एमरी विद्यापीठात आलेल्यांना शेजारीच असलेल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, फायदा होतो. ताकेमी अधिछात्राकडून मात्र अपेक्षा असते ती एका प्रश्नाच्या मुळाशी जाण्याची.

जपानसाठीही या कार्यक्रमाचे महत्त्व निराळे ठरले. ताकेमींचे पुत्र, संसद सदस्य राहिलेले केइझो ताकेमी, 2007 नंतर काही काळ याच विद्यालयात संशोधक होते आणि जागतिक आरोग्य हा जपानच्या परराष्ट्र धोरणाचा विषय व्हावा यासाठी त्यांनी पुढे सातत्याने काम केले. 2023 मध्ये ते जपानचे आरोग्यमंत्री झाले, तेव्हा वडील ज्या मंत्रालयाशी पंचवीस वर्षे झुंजले त्याचाच कारभार त्यांच्या हाती आला.