गाडीचा अर्थ लागेना

आमच्या आतेभावाने गोव्याहून एक जुनी सेकंडहँड दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली, फायबर बॉडी, वरचा टप काढता येणारी. नाशिकच्या कॉलेज रोडच्या सिग्नलला उभी राहिली की पोरं मोबाईल काढणार म्हणजे काढणारच. पण पहिल्या पावसाळ्यातच तिने जे रंग दाखवले ना, विचारू नका. उजवं इंडिकेटर दिलं की मागचे दोन्ही टेल लाईट मिणमिण करत उघडझाप करणार, हेडलाईट लावला की टेंपरेचरचा काटा आपोआप जागा सोडणार, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला की रडत रडत एखादा गरका, आणि वर अॅक्सिलरेटर अडकायला लागला. दादाने बॅटरी बदलली, सगळे फ्यूज बदलले, फरक शून्य.

शेवटी द्वारका सर्कलच्या एका जुन्या वायरमन चाचांकडे नेली. दादा म्हणाला, "चाचा, फ्यूज सगळे नवीन टाकलेत." चाचा हसले. "अरे बेटा, फ्यूज उडायला करंट जास्त जावा लागतो. इथं जातच नाहीये, उडेल कसा? अर्थ बघू आधी."

आता हा अर्थ म्हणजे घराचा अर्थ नाही बरं का. घराला आपण खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून जमिनीत अर्थिंग करतो, गाडी तर रबरी टायरवर उभी, जमिनीशी तिचा काय संबंध. गाडीत अर्थ म्हणजे करंटचा परतीचा रस्ता. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्यापर्यंत वायर जाते, पण परत निगेटिव्हला यायला वेगळी वायर कशाला, अख्खी बॉडी लोखंडाचीच आहे की, मग निगेटिव्ह बॉडीला जोडून टाकायचा. (जुन्या ब्रिटिश गाड्यांत उलटं असायचं, १९६७ पर्यंतच्या एमजीबी स्पोर्ट्स कारमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असायचा, अशा गाडीत डोळे झाकून आजचा म्युझिक सिस्टीम जोडला तर धूर.) पण फायबर बॉडीतून करंट जात नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिव्याची परतीची वायर पार खालच्या चेसिसपर्यंत (लोखंडी सांगाड्यापर्यंत) न्यावी लागते, आणि जितके जास्त जोड तितकी गंजायला जास्त ठिकाणं.

इंडिकेटरचं कोडं आधी सांगतो कारण मला तेच सगळ्यात भारी वाटलं. मागच्या लाईटच्या डब्यात इंडिकेटर, ब्रेक, टेल सगळ्यांची परतीची वायर एकच असते. ती गंजली की इंडिकेटरच्या बल्बमधून आलेला करंट अडकतो, आणि द्वारका सर्कल जाम झालं की आपण काठे गल्लीत घुसतो तसाच तो दुसरी वाट शोधतो. शेजारच्या टेल लाईटच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो, टेल लाईटच्या वायरने पलीकडच्या बाजूच्या टेल लाईटला जातो आणि तिथला अर्थ चांगला असतो म्हणून तिथून खाली उतरतो. फिलामेंटला उलटसुलट काही कळत नाही, करंट कुठूनही आला तरी ते तापतं. म्हणून इंडिकेटर मंद आणि नको ते दिवे चालू.

आता तपासायचं कसं, तर इथेच बहुतेक लोक फसतात, मीही फसलो होतो. मी घरचा मल्टीमीटर ओहमवर लावून इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह मोजलं होतं, जवळजवळ शून्य आलं, म्हटलं अर्थ तर ओके आहे. चाचा म्हणाले तुझा मीटर चिमूटभर करंट सोडतो, वायरची एक तार शिल्लक असली तरी त्याला सगळं बरंच दिसणार. खरं आहे ते. सेल्फ ओढतो शंभर-सव्वाशे अँपियर. एवढ्या करंटला ०.०२ ओहमचा अडथळासुद्धा दोन-अडीच व्होल्ट खातो, आणि ०.०२ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात.

म्हणून काम चालू असताना व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी व्होल्टवर, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर), लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. पाव-अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, साध्या दिव्यांच्या अर्थला ०.१ च्या आसपास. आमचे आले २.३! मग लाल सुई एकेक टप्पा मागे, चेसिसवर ठेवली तर ०.२, म्हणजे चोर इंजिन आणि चेसिसच्या मधे.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला चेसिसशी जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते. ती सापडली, आणि तिच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) निळसर हिरवी पावडर. द्राक्षवाल्या घरातला असल्यामुळे मी लगेच म्हटलं, हे तर मोरचूद! बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर घालतो तेच. आणि खरंच बॅटरीतल्या गंधकाम्लाने तांबं खाल्लं की मोरचूदच तयार होतो. पट्टी पार कुजलेली.

आणि अडकणारा अॅक्सिलरेटर? पट्टी गेल्यावर सेल्फचा थोडा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता, एक टोक इंजिनवर, दुसरं पेडलच्या लोखंडी ब्रॅकेटवर. केबल तापून आतलं प्लास्टिक मऊ पडलेलं. मी हे कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर थाप समजलो असतो.

दुरुस्ती किरकोळ. आधी निगेटिव्ह काढला, नाहीतर पान्हा चेसिसला टेकला की ठिणगी. मग जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली (रंग आणि पावडर कोटिंग करंटला अडवतात), नवीन पट्टी, दातेरी वॉशर, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. मागच्या लाईटच्या वायरीचंही तेच. परत मोजलं, सेल्फवर ०.३. केबल मात्र नवीन टाकावी लागली.

वायपर अजून मधेच थांबतो. दादा म्हणतो अर्थच असणार, पण मी चालू वायपरवर मोजून बघितलंय, ०.०६ आलं, म्हणजे अर्थ ठीक आहे, बहुतेक मोटरच गेली असावी.