कुलरखालचे दोन डाग: गंजाचा आणि क्षाराचा

मृगाचा पाऊस पडला की विदर्भातील खेड्यांत कुलर उचलून ठेवले जातात आणि लोखंडी स्टँडखालच्या टाइल्सवर उन्हाळाभर साचलेले डाग उघडे पडतात. घरची मंडळी त्या सर्वांना सरसकट गंज म्हणतात. प्रत्यक्षात तेथे बहुधा दोन निराळे डाग असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर वाया जातो.

स्टँडच्या पायाभोवतीचे तांबूस वर्तुळ हा खरा गंज, म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांपासून झालेले आयर्न ऑक्साइड. पाणी ठिबकत राहिले तेथील पांढरट, खरखरीत थर मात्र क्षाराचा असतो. बोअरचे जड पाणी सुकते आणि त्यातील कॅल्शियम कार्बोनेट फरशीला चिकटून राहते. (खारपाणपट्ट्यात दिसणारी मिठाची पांढरी पूड वेगळी; ती साध्या पाण्यानेही विरघळते.)

घोटाळा होतो तो रंगामुळे. काही बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. ते पाणी उपसताना नितळ दिसते, पण हवा लागताच लोह तांबडे होऊन क्षाराच्या थरातच अडकते. म्हणून रंगावर न विसंबता डागावरून नख फिरवावे. नख अडखळले तर क्षार. डाग सपाट असून सांध्यांतील सिमेंटमध्ये मुरलेला असेल तर गंज.

क्षारावर व्हिनेगर टाकले की बारीक बुडबुडे येतात आणि थर सुटू लागतो. गंजावर लिंबाचा रस व मीठ यांचा लेप द्यावा, तो सुकू नये म्हणून वर ओले फडके ठेवावे आणि तासाभराने नायलॉनच्या ब्रशने घासावे. लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात आणते. जुनाट गंजाला ऑक्झॅलिक आम्ल अधिक लागू पडते; ते विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. मात्र क्षार शिल्लक असताना ते ओतल्यास न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होऊन पांढरा डाग उलट पक्का बसतो. म्हणून मिश्र डागावर आधी व्हिनेगर, मग भरपूर पाणी आणि त्यानंतरच गंजाचा उपाय, हा क्रम मोडू नये.

ब्लीचिंग पावडरने गंज निघत नाही, आणि ती कोणत्याही आम्लात मिसळल्यास घातक क्लोरीन वायू सुटतो. तारेच्या घासणीचे तुटलेले कण सांध्यांत अडकून नवा गंज धरतात.

हे सारे चकचकीत सिरॅमिक टाइल्सपुरते. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड असल्याने तिच्यावर लिंबू टाकले की दगडच फसफसतो. आमच्या माजघरात मी तो फेस क्षाराचा समजून लिंबाची फोड चोळत राहिले. गंजाची कड फिकट झाली, पण तळहाताएवढ्या जागेची झिलई कायमची गेली.