बार चार्टचा तुकडा आणि आठवड्याचा शब्द

सरकारी महाविद्यालयाच्या इमारतीवर ‘लीन पद्धत’ (वेळ आणि माल वाया जाऊ न देता काम आखायची रीत) सुरू झाली असं सांगतात, तेव्हा साइट ऑफिसात बऱ्याचदा बार चार्टमधून, म्हणजे प्रत्येक काम तारखांवरच्या एका रेघेनं दाखवणाऱ्या वेळापत्रकातून, आठवड्यापुरता कापलेला तुकडाच चिकटवलेला असतो. हा तुकडा आणि लीनमधला आठवड्याचा आराखडा, दोन्हीकडे कामं आणि तारखा असतात, म्हणून गल्लत होते.

काय व्हायला हवं ते बार चार्ट दाखवतो. मुदतवाढ आणि दंड त्यावरच ठरतात, त्यामुळे तो हवाच. काय नक्की होणार ते आठवड्याच्या आराखड्यात येतं, आणि ते सांगावं प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्यानं : सेंट्रिंगचा (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचा) मेस्त्री, सळ्या वाकवून बांधणारा बारबेंडर, वायरमन. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांच्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीचा गाभा हाच.

खरं काम मात्र या दोहोंच्या मधे आहे, सहा आठवडे पुढचं बघण्यात. प्रयोगशाळेचा स्लॅब घ्या. बार चार्टवर ती एक रेघ. पण बेसिनच्या पाइपांच्या जागा दाखवणारा नकाशा मंजूर झालाय का? स्लीव्ह (पाइपासाठी स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) आणि कंड्युट (वायरींच्या नळ्या) साइटवर आलेत का? खालचे टेकू कधी सुटणार? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर ६ मीटरपेक्षा लांब तुळईखालचे टेकू किमान २१ दिवस ठेवावे लागतात. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) वापरलं तर मुदत वाढवावी लागू शकते. म्हणजे सेंट्रिंगचा एकच संच असेल तर पुढचा गाळा अडलाच. प्रत्येक अडचणीपुढे एक नाव आणि एक तारीख लिहायची. अडचण सुटली नाही तर ते काम त्या आठवड्यात धरायचंच नाही. स्लीव्ह न टाकता ओतलेला स्लॅब नंतर फोडावा लागतो आणि खालच्या वर्गात गळती सुरू होते.

बेळगावजवळच्या खानापूरकडे मृग लागला की गडी शेताकडे वळतात, पाऊसही तेव्हाच. बार चार्टवरची रेघ जूनमध्येही तशीच सरळ असते. सहा आठवड्यांच्या यादीत हे एप्रिलअखेरीसच दिसायला लागतं.

आठवड्याचा शब्द द्यायला आणि मोजायला सगळ्यांनी शनिवारी अर्धा तास बसावं. बोलणं मराठीत आणि कानडीत, फळ्यावरही दोन्ही भाषा. दहा कामांचा शब्द दिला, सात पूर्ण झाली, तर ७० टक्के. नव्वद टक्के झालेला गिलावा शून्यच धरायचा, कारण रंगाऱ्याला तिथे हात घालता येत नाही. उरलेल्या तिन्ही कामांपुढे कारण लिहायचं. या टक्केवारीला दंड मात्र कधीही जोडू नये. जोडला की मेस्त्री सोप्या कामांचाच शब्द देतो. आकडा चढतो, स्लॅब तिथेच राहतो.

सरकारी कामात आणखी एक अडतं. जादा आयटमचा दर मंजूर व्हायला फाइल फिरते, आणि तोवर कंत्राटदार हात लावत नाही. म्हणून ‘नकाशा बुधवारी देतो’ हा विभागाच्या अभियंत्याचा शब्दही त्याच फळ्यावर, मेस्त्रीच्या नावाच्या खालच्या ओळीत लिहावा आणि शनिवारी तसाच मोजावा.