क्लॅपहॅमचे अर्जदार आणि १८१३ची सनद

इव्हँजेलिकल ख्रिस्ती (बायबल आणि धर्मप्रसारावर भर देणारे प्रॉटेस्टंट) आणि राजकारण म्हटले की आज अमेरिकेतल्या निवडणुका आठवतात. पण धर्मनिष्ठेच्या बळावर संसदेला वाकवण्याचे तंत्र या मंडळींनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्येच कमावले होते. लंडनजवळच्या क्लॅपहॅममध्ये खासदार विल्यम विल्बरफोर्स, बँकर हेन्री थॉर्नटन आणि बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करून परतलेले चार्ल्स ग्रँट शेजारी राहत. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या साथीने त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध गावोगाव सह्या गोळा केल्या. कित्येक घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. वीस वर्षांच्या खटपटीनंतर १८०७ मध्ये कायदा झाला. (याच विल्बरफोर्स यांनी १७९९ मध्ये कामगारांच्या संघटनांवर बंदी आणायला पाठिंबा दिला होता, हेही विसरू नये.)

हिंदुस्थानचे दार मात्र बंद होते. १७९३ मध्ये कंपनीच्या सनदेचे, म्हणजे संसदेने दिलेल्या व्यापाराच्या आणि कारभाराच्या परवान्याचे, नूतनीकरण होताना मिशनरी आणि शिक्षक पाठवण्याचा त्यांचा प्रस्ताव संचालकांनी हाणून पाडला. लोकांच्या धर्मात हात घातला तर व्यापारही जाईल आणि राज्यही, ही त्यांची धास्ती. १८०६ मध्ये वेल्लोरचे शिपाई उठले ते नव्या पगडीवरून, पण विरोधकांनी खापर मिशनऱ्यांवर फोडले.

१८१३ मध्ये सनद पुन्हा संसदेपुढे आली तेव्हा जुनेच हत्यार बाहेर निघाले. शेकडो अर्ज येऊन पडले. सह्या करणाऱ्यांपैकी हिंदुस्थान पाहिलेला विरळाच. खुद्द विल्बरफोर्सही इथे कधी आले नाहीत, तरी सभागृहात त्यांनी हिंदू धर्माला क्रूर आणि अनीतीचा ठरवले. मिशनऱ्यांना वाट देणारे कलम मंजूर झाले. कंपनीने परवाना नाकारला तर आता कंपनीवर देखरेख करणाऱ्या सरकारी बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागता येणार होती. शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूदही याच सनदेतली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते. त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला, पण अखेर राहू दिले गेले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. मिशनच्या सिंथिया फरार पुढे नगरला मुलींची शाळा चालवीत. १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढण्याआधी आपण ती पाहिली होती, असे जोतीराव फुले यांनी पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात सांगितले. ख्रिस्ती मात्र ते झाले नाहीत.