ओव्हन लावला की बटण पडतं? दुरुस्तीला आणण्याआधी एवढं पाहून ठेवा

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) ओव्हन यायला लागतात, ते थेट नाताळपर्यंत. तक्रार बहुतेकांची एकच असते: ‘ओव्हन सुरू केला की घरातली लाइट जाते.’ यातले बरेच ओव्हन खरोखरच बिघडलेले असतात. काही मात्र धडधाकट निघतात आणि दोष घरच्या सॉकेटात, वायरिंगमध्ये किंवा एकाच लाइनवर चाललेल्या तीन उपकरणांत असतो. असा ओव्हन रिक्षात घालून आमच्यापर्यंत आणणं म्हणजे तुमची विनाकारण दगदग. ती वाचावी म्हणून हे पत्रक. यात सांगितलेल्या कशासाठीही स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची गरज नाही.

पडलेलं बटण कोणतं?

फोनवर आमचा पहिला प्रश्न हाच असतो, कारण त्याच्या उत्तरात निम्मं निदान होतं.

बोर्डात ओळीने जी अरुंद बटणं असतात ते एमसीबी. प्रत्येक लाइनला एक, वर 6, 10, 16, 20 असा ॲम्पिअरचा आकडा. त्यांच्यापेक्षा रुंद, ‘टेस्ट’चं छोटं बटण असलेला आणि बहुधा 30 मिलिॲम्पिअर असं छापलेला तो आरसीसीबी; बोलताना सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी पडला तर तारेतून पेलवेल त्याहून जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं. ईएलसीबी पडला तर करंट वाट सोडून ओव्हनच्या पत्र्यात, अर्थिंगमध्ये किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे निघाला होता. दोन्ही दुखणी वेगळी आणि त्यांचे उपायही वेगळे.

बटण पुन्हा वर करण्याआधी ओव्हनची पिन सॉकेटातून काढा. पिन काढूनही बटण टिकत नसेल, तर ओव्हनला दोष देऊ नका, वायरमनला बोलवा. टिकलं, तर ओव्हन एकदाच लावून पाहा. पुन्हा पडलं की थांबायचं. ‘चौथ्यांदा टिकलं’ असं सांगत येणारे ग्राहक आम्हाला भेटतात. प्रत्येक खेपेला आतला दोष वाढत असतो, म्हणून ही विनंती मनापासून आहे.

ईएलसीबी पडत असेल तर

संशय पहिल्यांदा एलिमेंटवर घ्यायचा. ओव्हनच्या आत वर-खाली ज्या काळपट दांड्या दिसतात, त्या पोकळ नळ्या असतात. मधोमध नायक्रोमची, म्हणजे वीज गेली की तापणाऱ्या तारेची, कॉइल आणि कॉइल व नळीच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण तिला दमट हवा सोसत नाही. नळीच्या टोकाचं सील जरा उकललं की ती हवेतलं पाणी ओढून घेते आणि मग कॉइलमधला करंट पत्र्याकडे झिरपायला लागतो. जून ते सप्टेंबर माळ्यावर पडून राहिलेला ओव्हन दिवाळीच्या नानकटाईला काढला की ईएलसीबी पाडतो, तो बहुधा यामुळेच. कोकणात आणि गोव्यात हे जास्त.

असा ओव्हन पिन काढलेल्या अवस्थेत, दार उघडं ठेवून एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग 100 अंशांवर रिकामाच लावा. बटण टिकलं तर अर्धा तास तसाच चालू द्या, उरलीसुरली ओल निघून जाते. टिकलं नाही तर आमच्याकडे आणा. ईएलसीबी बाजूला काढून ‘जरा तापवून घेऊ’ असं कोणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. त्या वेळात ओव्हनच्या पत्र्यात करंट असू शकतो आणि तुमचा हात त्याच्या हँडलवर असतो.

ओल नसेल तर नळीला चीर. गार असताना ठीक, तापल्यावर चीर फाकते; म्हणून ओव्हन दहा-पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग बटण पडतं. पिन काढून, ओव्हन पूर्ण गार झाल्यावर टॉर्च मारून दांड्या नीट पाहा. कुठे फुगवटा, फुटलेला फोड किंवा टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र आणि भोवती पांढरी पूड दिसली, तर तो एलिमेंट संपला. त्याला जोड लागत नाही, बदलावाच लागतो.

एलिमेंट वरचा की खालचा, हेही घरी कळतं. सिलेक्टर (कोणती दांडी तापवायची ते ठरवणारा नॉब) आधी फक्त खालच्या दांडीवर ठेवा, नंतर फक्त वरच्या. एकावर बटण पडलं आणि दुसऱ्यावर टिकलं, तर दोषी सापडला. दोन्ही दांड्यांवर टिकून फक्त पंख्यावर किंवा कोंबडी फिरवायच्या मोटरवर पडत असेल तर एलिमेंट बहुधा निर्दोष आहे. ही तपासणी करून आलेल्या ग्राहकाचं काम आमच्याकडे लवकर होतं.

एक प्रकार लोकांना भुताटकीसारखा वाटतो. ओव्हन बंद, सॉकेटचं बटणही बंद, तरी नुसती पिन खोचली की ईएलसीबी पडतो. कधी तो लगेच पडत नाही, फ्रिज सुरू झाला की पडतो. कारण साधं आहे. आपल्याकडच्या सॉकेटचं बटण फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतं, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जोडलेलाच राहतो. ओव्हनमध्ये न्यूट्रल कुठेतरी अर्थला चिकटला असेल, तर घरातल्या दुसऱ्या उपकरणाचा परतीचा करंट त्या वाटेने जातो. मुंग्यांनी, उंदरांनी कुरतडलेली किंवा मागच्या पत्र्याला घासून सोललेली वायर हे नेहमीचं कारण.

‘जुन्या घरात हाच ओव्हन वर्षानुवर्षं चालला, नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्रास’ हेही वारंवार ऐकतो. जुन्या घरात ईएलसीबी होता का, ते आठवून पाहा. नसेल, तर ओव्हन तिथेही गळतच असेल, फक्त सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर शंकाच नको.

गिझर किंवा वॉशिंग मशीन चालू असतानाच ओव्हन बटण पाडतो का, हेही बघा. प्रत्येकाची थोडी-थोडी गळती एकत्र होऊन मर्यादा ओलांडते आणि शेवटी लावलेल्या ओव्हनवर आळ येतो.

एमसीबी पडत असेल तर

ओव्हन सुरू करताक्षणी खटकन पडला, तर शॉर्ट आहे. पिन काढा, ओव्हन आणा.

काही वेळाने पडत असेल तर आधी हिशेब करा. 2000 वॉटचा ओव्हन 230 व्होल्टवर साधारण 8.7 ॲम्पिअर घेतो. त्याच लाइनवर 2000 वॉटची इंडक्शन आणि 1500 वॉटची किटली असेल तर बेरीज 24 ॲम्पिअरच्या आसपास जाते. 16 चा एमसीबी ती काही वेळ सोसतो आणि मग पडतो. ओव्हनमध्ये काहीच बिघाड नाही. किटली नंतर लावा.

सॉकेट 16 ॲम्पिअरचंच हवं, म्हणजे जाड पिनांचं. कन्व्हर्टर लावून 6 ॲम्पिअरच्या सॉकेटात बसवलेला ओव्हन आम्ही पाहतो तेव्हा छिद्रांभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असतं आणि पिना काळ्या पडलेल्या असतात. ढिल्या जोडातली अशीच उष्णता बोर्डात एमसीबीच्या स्क्रूजवळ साठली, तर लोड बेताचा असूनही तो पडतो. ते काम वायरमनचं.

मोठा एमसीबी बसवून मात्र प्रश्न मिटवू नका. एमसीबी ओव्हनसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. 16 च्या जागी 32 चा टाकला तर बटण पडणं थांबेल आणि तार भिंतीत तापत राहील. प्लगची अर्थची जाड पिन तोडणं किंवा अर्थची वायर सोडवणं याचंही तेच. ओव्हन चालू होतो, पण पत्र्यात उतरलेल्या करंटला तुमच्याखेरीज वाट उरत नाही. अर्थ तोडलेला ओव्हन आमच्याकडे आला, तर ती पिन पूर्ववत केल्याशिवाय आम्ही तो परत देत नाही.

आणताना

कोणतं बटण पडतं, किती वेळाने, सिलेक्टर कुठे असताना, हे कागदावर लिहून आणा. आम्ही आधी 500 व्होल्टच्या मेगरने (गळती तपासायच्या मीटरने) एलिमेंट आणि पत्रा यांच्यातला विजेला होणारा रोध मोजतो आणि आकडा तुम्हाला दाखवतो. एलिमेंट बदलला तर जुना तुमच्या हातात देतो. दुरुस्तीचा खर्च नव्या ओव्हनच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर तसं आधीच सांगतो आणि काम सुरू करत नाही.

जाळी, ट्रे आणि खालचा चुरा पडायचा पत्रा घरीच ठेवा. आतून ओल्या फडक्याने पुसून लगेच आणू नका. ते पाणी एलिमेंटच्या टोकाशी गेलं, तर मेगरचा आकडा चुकीचा येतो आणि ओव्हन वाळवण्यात एक दिवस जातो.