लिटरेचर रिव्ह्यू की सिस्टिमॅटिक रिव्ह्यू? पब्लिक हेल्थ करणाऱ्यांचा नेहमीचा घोळ

पब्लिक हेल्थच्या मास्टर्ससाठी किंवा पीएचडीसाठी जे अर्ज येतात ना, त्यात "मी अमुक विषयावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू केलाय" हे वाक्य हमखास असतं. पुढे वाचत गेलं की कळतं, गूगल स्कॉलरवर शोधलं, वरवर जे पेपर दिसले त्यातले बरे वाटले ते वाचले, आणि त्यावर वीस पानं लिहिली. आता हे वाईट काम आहे असं अजिबात नाही, पण हा लिटरेचर रिव्ह्यू झाला, सिस्टिमॅटिक नाही, आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याने "दुसरा रिव्ह्यूअर कोण होता?" एवढं एकच विचारलं तरी पंचाईत होते.

बऱ्याच जणांना वाटतं की पेपर जास्त वाचले की रिव्ह्यू सिस्टिमॅटिक होतो, किंवा नीट हेडिंगं पाडून टेबल टाकलं की होतो. तसं नसतं हो. तीनशे पेपर वाचून लिहिलेला रिव्ह्यूसुद्धा साधा असू शकतो आणि फक्त सहा स्टडी घेतलेला सिस्टिमॅटिक असू शकतो. बघायचं एवढंच की तुमची शोधायची पद्धत दुसऱ्या कुणाच्या हातात दिली तर तो त्याच पेपरांपर्यंत पोचेल का. पोचेल, आणि काय घ्यायचं काय टाकायचं हे तुम्ही पेपर बघायच्या आधी ठरवलेलं असेल, तर ते सिस्टिमॅटिक. नाहीतर नाही.

एक उदाहरण घेऊ, साबणाने हात धुणं आणि लहान मुलांचे जुलाब. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना तुम्ही सुरुवातच १८४७ सालच्या व्हिएन्नापासून करू शकता, तिथे सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले तरी लोकांनी त्याचं ऐकलं नाही, मग तिथून जंतूंची थिअरी कशी आली, मग लोकांना माहीत असूनही ते हात का धुत नाहीत, घरात पाणी नसेल तर नुसतं शिकवून काय उपयोग, हे सगळं एका धाग्यात ओवता येतं. कुठला पेपर घ्यायचा हे तुमच्या समजेवर असतं आणि तुमचं मतही त्यात दिसतं, किंबहुना दिसायलाच हवं, नाहीतर तो "अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते म्हटलं" असा रटाळ प्रकार होतो जो गाईडलासुद्धा वाचवत नाही.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत मात्र सेमेलवाइसला फार तर प्रस्तावनेत एक ओळ. तिथे प्रश्नच चिमटीत पकडल्यासारखा असतो, पाच वर्षांखालची मुलं, साबणाने हात धुवायला शिकवणं, न शिकवलेल्या गटाशी तुलना, आणि मोजायचं काय तर जुलाबाचं प्रमाण. ह्यालाच पिको म्हणतात, लोक कोण, उपाय काय, तुलना कशाशी, परिणाम काय. मग प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, लिहायचा आणि शक्यतो प्रॉस्पेरोवर (अशा रिव्ह्यूंच्या नोंदणीची ऑनलाइन यादी) नोंदवायचा, म्हणजे नंतर निकाल आवडले नाहीत म्हणून गुपचूप निकष बदलले तर कुणालाही ते पकडता येतं. मग पबमेड, एम्बेस, कोक्रेन लायब्ररी अशा एकाहून जास्त डेटाबेसमध्ये सर्च, आणि ती सर्च स्ट्रिंग, म्हणजे शोधायला वापरलेले शब्द, जशीच्या तशी रिपोर्टमध्ये द्यायची, कुठल्या तारखेला शोधलं तेही. मग दोन माणसांनी वेगवेगळं बसून टायटल आणि ॲबस्ट्रॅक्ट चाळायचे (हेच स्क्रीनिंग), एकमत झालं नाही तिथे तिसऱ्याला विचारायचं, फुल टेक्स्ट वाचून जे पेपर वगळले ते का वगळले हे लिहायचं, आणि उरलेल्या प्रत्येक स्टडीत गडबड कुठे असू शकते ते ठरलेल्या टूलने तपासायचं. प्रिझ्मा म्हणून २७ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, पहिली २००९ ची आणि आता चालते ती २०२० ची, त्यातच तो फ्लो डायग्राम येतो, एवढे सापडले, एवढे डुप्लिकेट, एवढे गळले, एवढे राहिले. बाय द वे, प्रिझ्मा सांगते की रिपोर्ट कसा लिहायचा, काम कसं करायचं ते नाही, त्यामुळे "प्रिझ्मा मेथड वापरली" असं लिहिलं की जाणकार माणूस गालात हसतो.

एवढी कटकट कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण पब्लिक हेल्थमध्ये ह्याचं उत्तर अंगावर येणारं आहे. तान्ह्या बाळांना पालथं झोपवा हा सल्ला कित्येक वर्षं दिला जात होता, उताणं झोपलेलं बाळ ओकलं तर गुदमरेल असा तर्क, आणि तर्क ऐकायला अगदी पटण्यासारखा. प्रत्यक्षात पालथं झोपवण्याने बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढत होता. २००५ मध्ये संशोधक रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुन्या सगळ्या स्टडी पद्धतशीर गोळा केल्या तेव्हा दिसलं की हा धोका १९७० पर्यंतच्या पुराव्यातच दिसत होता, कुणी तो एकत्र मांडला नव्हता इतकंच. ब्रिटनमध्ये "उताणं झोपवा" ची मोहीम आली १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला. गिल्बर्ट यांचा अंदाज असा की हे वेळेवर झालं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचू शकली असती. तज्ज्ञ मंडळी मधल्या काळात वाचत नव्हती असं थोडंच आहे, पण आपल्याला पटणारे पेपर आपल्याला आधी दिसतात, आणि शिवाय ज्या स्टडीत काही फरक सापडला नाही त्या छापल्याच कमी जातात.

पण म्हणून साधा, म्हणजे नॅरेटिव्ह, रिव्ह्यू खालच्या दर्जाचा, असं जे काही गाईडसुद्धा बोलून जातात ते मला पटत नाही. कल्पना कशा बदलत गेल्या, दोन विचारांमध्ये भांडण कशावरून आहे, आपल्या रिसर्चला जागा कुठे आहे, हे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू सांगतच नाही. थीसिसच्या दुसऱ्या चॅप्टरला बहुतेक वेळा हेच हवं असतं. आणि अशा रिव्ह्यूची गुणवत्ता तपासायला सान्रा नावाची सहा मुद्द्यांची स्केल आहे, म्हणजे "नॅरेटिव्ह आहे, काहीही चालतं" असंही नाही.

मेटा ॲनालिसिस म्हणजेच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असंही काही जण समजतात, तर ते फक्त आकडे एकत्र करायचं गणित आहे. स्टडी एकमेकांसारख्या नसतील तर ते न करणंच शहाणपणाचं. आणि विषय फारच पसरट असेल, नुसतं कुठे काय काम झालंय ह्याचा नकाशा हवा असेल, तर स्कोपिंग रिव्ह्यू हा तिसरा प्रकार आहे, फक्त तो प्रॉस्पेरोवर नोंदवता येत नाही.

आता खरा प्रश्न, मास्टर्सच्या डिझर्टेशनला काय घ्यायचं. प्रॉस्पेरोवर नोंदवलेल्या रिव्ह्यूंचा २०१७ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागले होते आणि साधारण पाच लेखक होते. तुमच्याकडे एक सेमिस्टर आणि तुम्ही एकटे. तेव्हा एकतर प्रश्न अगदी बारीक करा, एखाद्या क्लासमेटला दुसरा रिव्ह्यूअर म्हणून आधीच पकडून ठेवा, लायब्ररियनशी पहिल्याच आठवड्यात बोला (सर्च स्ट्रिंगच्या बाबतीत हा माणूस गाईडपेक्षा जास्त कामाचा असतो), आणि एम्बेससारखा पैसे भरून मिळणारा डेटाबेस तुमच्या युनिव्हर्सिटीकडे आहे का ते विषय फायनल करायच्या आधी बघा. नाहीतर सरळ साधा रिव्ह्यू करा, पण त्यात सिस्टिमॅटिकच्या दोन चांगल्या सवयी उचला, कुठे आणि कुठल्या शब्दांनी शोधलं ते लिहा, आणि तुमच्या म्हणण्याच्या उलट जाणारे पेपर मुद्दाम शोधून आत घ्या.

अर्जात लिहितानाही तसंच. "पबमेड आणि स्कोपसमध्ये ठरवलेल्या शब्दांनी शोध घेऊन नॅरेटिव्ह रिव्ह्यू केला, स्क्रीनिंग एकट्याने केलं" असं सरळ लिहिलं तर समोरचा प्रोफेसर त्यावर खुशाल प्रश्न विचारू दे, तुमच्याकडे प्रत्येकाचं उत्तर असेल.